शिळं पाणी

रविवारी सकाळी गॅलरीतून ओल्या शेवाळाचा वास आला. पाहतो तो लेक पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं काथ्याने घासत होती. त्या वासासरशी मी पंधरा वर्षं मागे गेलो, पनवेलच्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात.

तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. गॅलरीत निळं पिंप असे आणि त्यातलं तांब्याभर पाणी वाया गेलं तरी माझ्या जिवावर यायचं. जवळच्या ओवे गावातून एक आगरी बाई कामाला येत. आल्या की आधी पिंपाचा तळ मोरीत ओतायच्या, कडा घासायच्या. "दादा, शिलं पानी हाय, ठेवायचं नाय." मी पडलो शिकलेला! अन्न शिळं होतं, पाणी कसलं शिळं? शेवटी एकदा आवाज चढवून मी त्यांना थांबवलंच. बाई घासणी ठेवून भांड्यांना लागल्या.

डासांच्या बाबतीत मात्र मी भलताच दक्ष. दिवेलागणीला खिडक्या बंद, कडुनिंबाचा धूर, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचलेली. पण आमची चार वर्षांची पोर भर दिवसा उघड्या पायांनी पिंपापाशी भातुकली मांडायची. पाण्यात वळवळणारे किडे तिने मला दाखवलेसुद्धा. "बाबा, नाचतायत!" मीही कौतुकाने पाहिले.

आठवड्याभरात तिला ताप चढला. डेंग्यू. प्लेटलेट्सचा आकडा रोज उतरत होता आणि तिचा तापलेला हात धरून मी नाही नाही ते नवस बोलत होतो. डॉक्टर म्हणाले, हा डास दिवसा चावतो आणि घरात साठवलेल्या पाण्यातच वाढतो. अंडी कडांना चिकटतात, तेव्हा पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून घासायचं, झाकून ठेवायचं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याच्यासाठी मी खिडक्या लावत होतो, त्याला घरात मीच पोसलं होतं.

पोर वाचली. घरी आलो तर पिंप पालथं घातलेलं, कोरडंठाक. बाईंनी एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे तीन वर्षं त्या आल्या, पिंप घासत राहिल्या, आणि माफी मागायचं मी आज-उद्यावर ढकलत राहिलो. मग आम्ही घर बदललं. ते राहिलं ते राहिलंच.

लेकीला ताप आठवत नाही, बाईंचा चेहराही नाही. तिने भांड्यातलं पाणी ओतून दिलं.

"अगं, कालच तर भरलं होतंस," मी म्हणालो.

मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, शिलं पानी हाय."