झुंबर मिस्त्रींचे तीन प्रश्न

सकाळचे पावणेसात झाले होते. आक्काबाईंनी शेंगदाण्याचं कूट करायला मिक्सर लावला आणि ओट्याशेजारी चहा पीत बसलेल्या झुंबर मिस्त्रींची मान आपोआप तिरकी झाली.

"बुश गेलंय याचं," ते म्हणाले.

"मागच्या दिवाळीपासून जातंय ते. अजून काही गेलं नाही," आक्काबाई म्हणाल्या. "तुम्ही चहा प्या."

आक्काबाईंना या बोलण्याची सवय होती. गॅरेज बंद होऊन तीन वर्षं झाली तेव्हापासून घरातली-शेजारची एकही वस्तू नवऱ्याच्या कानातून सुटली नव्हती. पंख्याचं बेअरिंग, शेजारच्या ममताच्या शिलाई मशीनचा पट्टा, वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटार. मिस्त्री सगळ्यांचं ऐकत आणि सगळ्यांचा रोग सांगत. वापीला नोकरी करणारा मुलगा नीलेश विजेवर चालणारी स्कूटर घेऊन आला, तेव्हा मिस्त्रींनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगली आहे. पण मुकी आहे रे." नीलेश हसला. आक्काबाई हसल्या नाहीत. ज्या माणसाला चौतीस वर्षं डिझेल इंजिनाच्या धडधडीत जेवायची सवय होती, त्याला आता घरातली शांतता घशाखाली उतरत नव्हती, हे त्यांना दिसत होतं.

शिरपूरकडच्या एका खेड्यातून झुंबर एकोणिसाव्या वर्षी एका ट्रकमध्ये सरकीच्या पोत्यांवर बसून सिल्वासाला आले होते. कारखान्यात लागायचं म्हणून आले, पण वाटेत ट्रक दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरने तो कसा चालू केला हे बघताना त्यांचा बेत बदलला. खानवेल रोडवरच्या गॅरेजात ते सुरुवातीला नुसते सुटे भाग डिझेलमध्ये धूत. पुढे त्याच गॅरेजचे मोठे मिस्त्री झाले. नट-बोल्ट पुष्कळांना येतात, मिस्त्रींची ओळख वेगळ्याच गोष्टीसाठी होती. गाडी आली की ते बॉनेट उघडत नसत. ड्रायव्हरला बाकावर बसवत, चहा पाजत आणि तीन प्रश्न विचारत. घाईतले ड्रायव्हर वैतागत. "मिस्त्री, आजारी गाडी आहे, मी नाही," म्हणत. मिस्त्री म्हणत, "गाडी बोलत नाही. म्हणून तुला विचारतो."

आता त्या गॅरेजच्या जागी फर्निचरचं दुकान झालं होतं.

मिक्सर थांबला आणि त्याच क्षणी दारावर थाप पडली. कडी वाजवायचाही धीर नसलेली, उघड्या तळहाताची थाप.

"कोन शे?" आक्काबाईंनी आतूनच विचारलं.

"झुंबर मिस्त्री इथेच राहतात ना? काका आहेत का घरी?"

दारात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी उभी होती. पंजाबी ड्रेस, वर पुरुषी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हाताला डिझेलचा वास. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात पितळेची एक छोटी किल्ली.

"मी रोशनी. खानवेलच्या चिंधा ड्रायव्हरची मुलगी," ती एका दमात म्हणाली. "जीप बंद पडलीय काका, तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच. चालूच नाही होत. आत कंपनीच्या अकरा बायका आहेत."

"चिंधाची हिरवी जीप?" मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "अजून आहे ती?"

"आजच्यापुरती आहे," रोशनी म्हणाली.

मिस्त्री उठू लागले तसं आक्काबाईंनी कमरेवर हात ठेवला. "आवो, गुडघ्यांचं काय सांगितलंय डॉक्टरांनी? खाली वाकायचं नाही, जीपखाली शिरायचं नाही."

"वाकत नाही गं. नुसतं विचारतो तिला."

"हो. नुसतं विचारता विचारता इंजिन उतरवायचे तुम्ही," असं म्हणत आक्काबाईंनी त्यांची चप्पल पुढे सरकवली.

गल्लीच्या तोंडाशी जीप अर्धी रस्त्यावर, अर्धी मातीत उभी होती. दसऱ्याची झेंडूची माळ अजून पुढच्या जाळीला होती, वाळून तपकिरी झालेली. मागे दाटीवाटीने बसलेल्या बायकांपैकी निम्म्या खाली उतरल्या होत्या. त्यांच्यात कावेरी नावाची एक वयस्क बाई होती. जीपमधला सगळ्यात मोठा डबा आणि सगळ्यात मोठा आवाज तिचाच.

"आला का डॉक्टर?" ती म्हणाली. "बाबा, आता इंजेक्शन द्या नाहीतर तिरडी बांधा. साडेसातची शिफ्ट आहे आमची. अथालपर्यंत काय चालत जायचं?"

"कावेरीमावशी, थांब ना जरा," रोशनी म्हणाली आणि मिस्त्रींकडे वळली. तिने भराभरा सगळं सांगून टाकलं. दहा-बारा दिवस झाले, गाडी मध्येच बंद पडते. पाऊण तास उभी ठेवली की आपोआप चालू होते. तीन मिस्त्री झाले. एकाने फिल्टर बदलला, दुसऱ्याने फीड पंप, तिसरा म्हणतो मोठा पंपच खोलावा लागेल, गाडी आठवडाभर सोडून जा. आणि बायकांचा ठेका बघणारा जयवंत सुपरवायझर म्हणतो, सोमवारी उशीर, बुधवारी उशीर, आता तिसऱ्यांदा झाला तर उद्यापासून दुसरी गाडी लावीन.

"दादा अंथरुणाला आहेत काका. अर्धांगवायू झाला पावसाळ्यात. ही फेरी गेली तर जीप भंगारात द्यावी लागेल. मग मी काय चालवू?"

"चिंधाचं ऐकलं होतं मी," मिस्त्री हळूच म्हणाले. "यायचं राहून गेलं."

ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि शेजारच्या दगडाकडे बोट दाखवलं. "बस."

"काका, वेळ नाहीये."

"बस पोरी. उभ्या माणसाला नीट आठवत नाही."

रोशनी बसली. कावेरीने कपाळावर हात मारला. "झालं! गाडी राहिली आणि पोरीचीच तपासणी सुरू झाली!"

"नेमकं कधीपासून?" मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला.

"सांगितलं ना, दहा-बारा दिवस. दसऱ्यापासून म्हणा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा बंद पडली. शेजारीण म्हणते नजर लागली."

"बंद पडते तेव्हा कशी पडते? फटकन, दिवा विझल्यासारखी? का दम लागल्यासारखी?"

रोशनीने डोळे मिटले. "दम लागल्यासारखी. आधी ओढ कमी होते, मग आचके देते, मग बंद. मग कितीही सेल्फ मारा, नुसती फिरते."

"म्हणजे डिझेल पोचत नाही," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. पण एवढं तर त्या तिघांनाही कळलं होतं, म्हणून तर त्यांनी फिल्टर आणि पंप बदलले होते. मग मिस्त्रींनी तिसरा प्रश्न विचारला. "टाकी भरलेली असते तेव्हा लवकर बंद पडते का रिकामी होत आली की?"

असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती बोटं मोजू लागली. "सोमवारी मी टाकी भरते. सोमवारी खानवेलच्या बाहेर पडले नाही तोच थांबली. बुधवारी राखोलीच्या पुलापर्यंत आली. आज शुक्रवार, टाकी तळाला आलीय, तर इथपर्यंत." ती थबकली. "मला वाटलं, गाडी हळूहळू सुधारतेय."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत न आलेलं हसू आलं. आक्काबाई गल्लीत येऊन उभ्या होत्या, त्यांनी ते बरोबर टिपलं.

"ती गळ्यातली किल्ली कशाची?"

"टाकीच्या झाकणाची. डिझेल चोरतात ना लोक."

"त्या तिघांपैकी कुणी मागितली ही किल्ली?"

"नाही. झाकणाचा काय संबंध?"

"झाकण उघड. पण हळू. आणि मावशी, तुम्ही दोन मिनिटं बोलू नका."

कावेरी खरोखरच गप्प झाली. रोशनीने किल्ली फिरवली, झाकणाला हात घातला. ते निघेना, कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. तिने जोर लावून पीळ दिला आणि टाकीने लांब श्वास घेतला. सूंऽऽ करून हवा आत गेली. तो आवाज सगळ्या बायकांनी ऐकला.

"अगं बाई!" कावेरी म्हणाली. "जिवंत आहे!"

"तहानलेला माणूस बाटली तोंडाला लावून नुसता ओढत राहिला, हवा आत जाऊच दिली नाही, तर काय होतं?" मिस्त्रींनी विचारलं. "बाटली चेपते आणि पाणी यायचं थांबतं. टाकीतून डिझेल गेलं की त्याच्या जागी हवा यावी लागते. टाकी भरलेली असली की वर जागाच थोडी, मग लवकर दम कोंडतो. पाऊण तास उभी राहिली की कुठूनतरी झिरपून हवा जाते आत, म्हणून मग चालू होते. दे ते झाकण."

झाकण पितळी होतं, जाड. मिस्त्रींनी ते तळहातावर घेतलं आणि लगेच ओळखलं. चिंधाचं मूळ झाकण चोरीला गेलं तेव्हा त्यांनीच हे लेथवर करून घेतलं होतं आणि मधोमध सुईएवढं भोक स्वतः पाडलं होतं. आता त्यावर लालभडक स्वस्तिक होतं. रेषा वाकड्यातिकड्या, एक हात लांब, एक आखूड. आणि त्यावर काचेसारखी चकचकीत लाल साय.

"हे काय आहे?"

रोशनीची मान खाली गेली. "दादा दरवर्षी दसऱ्याला झाकणावर स्वस्तिक काढतात. नुसत्या कुंकवाचं, दोन दिवसांत पुसलं जायचं. यंदा उजवा हात चालत नाही, तरी हट्टाने गाडीपाशी न्यायला लावलं आणि डाव्या हाताने काढलं. अर्धा तास लागला त्यांना. ते पुसलं जाऊ नये म्हणून मी वरून नेलपॉलिश लावलं." तिचा आवाज बारीक झाला. "दोन हात."

कावेरी म्हणाली, "म्हणजे गाडीचा गळा तूच दाबलास, बये. तोही प्रेमाने."

"आता खरवडून काढायचं?" रोशनीने विचारलं. ती झाकणाकडे बघत होती. वेळेकडे तिचं लक्ष नव्हतं.

"कशाला खरवडायचं?" मिस्त्री म्हणाले. "आक्का, सुई आण तुझी. जाड."

आक्काबाई सुई घेऊनच आल्या, गोधडीची. मिस्त्रींनी झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला ते भोक बारीक ठिपक्यासारखं दिसत होतं. त्यांनी सुई धरली, पण सुईचं टोक ठिपक्याभोवतीच फिरत राहिलं. त्यांनी हात झटकला, पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"द्या इकडे," आक्काबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं गोधड्या शिवते मी." त्यांनी झाकण पदरात धरलं, अंगठ्याच्या नखाने भोक चाचपलं आणि सुई सरळ आत घातली. एकदा गोल फिरवली. मग झाकण वर करून एका डोळ्याने आरपार पाहिलं. "आला उजेड."

स्वस्तिकाच्या बरोबर मध्यावर एक टाचणीएवढं भोक पडलं होतं. बाकी चिंधाची एकही रेषा हलली नव्हती.

मिस्त्रींनी बॉनेट उघडायला लावलं आणि स्वतः न वाकता रोशनीला सांगितलं, "फिल्टरवरचा स्क्रू सैल कर. आता हातपंप मार. फेस येतोय ना? येऊ दे. बुडबुडे संपून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळ." रोशनीने तसं केलं. हात काळे झाले. मग ती सीटवर चढली आणि सेल्फ मारला.

जीप एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि धडधडत चालू झाली. घड्याळात सात वाजून नऊ मिनिटं झाली होती. बायका धावत चढल्या. कावेरी चढता चढता आक्काबाईंना म्हणाली, "सुईवाल्या डॉक्टरीणबाई, तुमचे हात पाया पडण्यासारखे आहेत!"

"काका, दादांना काय सांगू?" रोशनीने इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"खरं ते सांग! हसेल तो. खूप दिवसांत हसला नसेल!"

जीप निघून गेली. आक्काबाई घराकडे वळल्या, पण मिस्त्री तिथेच उभे राहिले. तिसरा गिअर पडल्याचं त्यांनी ऐकलं, मग चौथा. चौकाच्या वळणावर आवाज जरा बसला, पुन्हा उठला, आणि मग बाकीच्या गाड्यांच्या गलक्यात मिसळून गेला. चहा गार झाल्याचं आक्काबाईंनी सांगितलं तेव्हा कुठे ते हलले.

संध्याकाळी साडेपाचला बाहेर तीच धडधड आली. मिस्त्री आधीच दारात होते. जीप गल्लीत आत, थेट दारापर्यंत आली. रोशनी उतरली, मागून कावेरीने डबा हलवून नमस्कार केला.

"सात पंचवीसला पोचलो काका," रोशनी म्हणाली. "जयवंतभाऊ घड्याळ बघत गेटवर उभेच होते. काही बोलले नाहीत. नुसतं वहीत टिक केलं. जाताना-येताना एकदाही बंद नाही पडली. मी मुद्दाम टाकी फुल केली, तरी नाही." तिने शर्टाच्या खिशात हात घातला. "आता सांगा, तुमचे किती झाले?"

"काही नाही. सुई आक्काची होती."

"मग आक्काबाईंना देते."

"मला नको गं," आक्काबाई आतून म्हणाल्या. "मिक्सर दुरुस्त कर म्हणावं त्यांना."

"असं नाही चालत काका. काहीतरी सांगाच," रोशनी म्हणाली आणि बोलता बोलता इंजिन बंद करायची तार ओढायला आत वाकली.

"बंद करू नको," मिस्त्री म्हणाले.

तिचा हात थांबला. इंजिन मंद चालीवर धडधडत होतं. दाराच्या चौकटीला त्याचा थरार लागत होता आणि आतल्या फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना हलकेच लागून वाजत होते. मिस्त्रींनी मान तिरकी केली होती.

"एकच सांगतो," ते म्हणाले. "संध्याकाळी परत जाताना रोज इथे दोन मिनिटं थांब. आणि गाडी चालूच राहू दे."