रास्मिनीने राखलेला उजेड

न्योमान रास्मिनीला गावात कुणी चित्रकार म्हणत नसे. चित्रकार तिचा थोरला भाऊ, वायान मुर्दाना. रास्मिनी नुसती शाई लावायची. आमच्या बालीत जुन्या चित्रघरांची रीतच तशी: बाप्याने रेघ ओढायची, घरच्या बायकांनी शाई भरायची, आणि चित्र पुरे झाले की रेघ ओढणाऱ्याने खाली आपले नाव घालायचे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे म्हणतात ते हेच. इथे रेघोट्या आधी आणि पीठ मागाहून, एवढाच काय तो फरक.

बरे, शाई लावणे म्हणजे पोरखेळ नव्हे. शाईची कांडी बशीत पाण्याशी उगाळायची. एकाच हातात दोन कुंचले धरायचे, एक शाईचा, एक नुसत्या पाण्याचा. पहिल्याने लावले की दुसऱ्याने लगेच ओढत ओढत फिके करत न्यायचे. वाळले की पुन्हा, आणि पुन्हा. पानाच्या एका कडेला काळोख साचत जातो, दुसरी कड कोरी राहते. ती कोरी कड म्हणजे उजेड. आमच्यात उजेड रंगवत नाहीत, राखतात. डब्यातला पांढरा रंग वरून फासणे म्हणजे करपलेल्या भातावर साखर पेरणे. आणि एकदा का शाई पडली, की तिथला उजेड गेला तो गेलाच.

रास्मिनीने लग्न केले नाही. एक स्थळ आले होते, तेही चित्रकाराच्या घरचे. "तिथंही दुसऱ्याच्या नावाची शाईच लावायची ना? मग इथली काय वाईट?" म्हणून तिने ते परत पाठवले. एकदा उबुदला एका दुकानात तिला भिंतीवर आपले एक चित्र दिसले. आपलेच म्हणून तिने त्याला बोट लावले, तर दुकानदार खेकसला, "मावशी, हात नको! मुर्दानांचं चित्र आहे ते. उजेड बघा, उजेड! असा हात पुन्हा होणे नाही." तो हात रास्मिनीने मुकाट्याने मागे घेतला आणि घरी येऊन ती दिवसभर जेवली नाही. त्या दिवसापासून काटा रुतला तो रुतलाच.

गावाच्या वरच्या अंगाला देवाचे रान आहे. तिथली मोडून पडलेली फांदीही चुलीसाठी कुणी आणत नाही. थोरल्या झाडांना काळ्यापांढऱ्या चौकड्यांचे कापड नेसवलेले असते. रानातल्या देवळाच्या मंडपात रानाचेच मोठे चित्र लावायचे गावाने ठरवले, आणि काम अर्थातच वायानकडे आले. वायानने ओसरीवर बसून, कॉफीचे घुटके घेत सगळे रान आखून टाकले. पान अन् पान नेमके, यात वाद नाही. रास्मिनी मात्र रोज सकाळी देवळात फुले ठेवायला जाई आणि उन्हे चढेपर्यंत झाडांखाली बसून राही. ऊन तिथे सरळ पडतच नाही. शेंड्यांवर ते पिवळे असते, मधल्या पानांतून गाळून येताना हिरवे होते, आणि खाली शेवाळावर पोचते तेव्हा न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे दिसते. एकाच ठिकाणी, एक जुने झाड कोसळले होते तिथे, आभाळ उघडे होते आणि ऊन थेट नेच्यांवर उतरायचे. ते पाहून रास्मिनीला रडू यायचे. का, ते तिलाही कधी सांगता आले नाही.

चित्रात तिने ती जागा जिवापाड जपली. पावसाळाभर चहूकडून काळोख आणत आणत ती त्या कोऱ्या जागेच्या काठापर्यंत आली आणि थांबली. मग शाईवरून पातळ रंग दिले: शेवाळाचा हिरवा, खोडांचा तपकिरी, नेच्यांवर नावापुरता पिवळा. चित्र आता संपतच आले होते.

"न्योमान, उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा कोरी ठेव," वायान म्हणाला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? नावाला."

"कुणाच्या?"

"उन्हात बसून डोकं फिरलं का गं तुझं? माझ्या!"

"या खेपेला शेजारी माझंही घाल."

"देवाच्या कामात तुझं-माझं करतेस? सेवा आहे ही. सेवेला नाव नसतं."

"मग तुझंही नको, ब्ली." थोरल्या भावाला आमच्यात ब्ली म्हणतात, एरवी ती लाडाने म्हणायची, आज तो शब्द तिने थुंकल्यासारखा टाकला.

"मी रेघ ओढलीय!"

"शोध जा. शाईखाली कुठंतरी सापडेल."

"वा गं वा! उद्या फरशी पुसणारी म्हणेल, घर मीच बांधलं."

वायान गेल्यावर रास्मिनीने तो कोपरा शाईने भरला, वाळू दिला, आणि पुन्हा भरला.

देवळाच्या उत्सवाच्या सकाळी बाया डोक्यावर फळांच्या उतरंडी घेऊन मंडपात आल्या. चित्र भिंतीवर चढले. वायान टाक घेऊन ऐटीत खाली वाकला, आणि कोपरा बघून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चारचौघांत ओरडायची सोय नव्हती. कुणीतरी खांब रंगवायला आणलेला पांढरा रंग पायरीवर होता. त्यात काडी बुडवून त्याने काळ्यावर पांढरे नाव ओढले: ई वायान मुर्दाना. आमच्यात बाप्याच्या नावाआधी ई लावतात, बाईच्या नावाआधी नी.

देवळाचे म्हातारे पुजारी, जेरो मांगकू, डोळे बारीक करून पुढे आले. "वायान, इथं पाखरू बसून गेलं का रे?"

बाया फिसकन हसल्या. वायान तापला. "कोपरा हिनं काळा केलाय, जेरो मांगकू! भावाचं नाव खुपतंय हिला!"

"खरं का गं?"

"खरं. सेवेला नाव नसतं, असं यानंच सांगितलं. मी थोरल्या भावाचं ऐकलं."

पुन्हा हशा पिकला. पुजारी हसले नाहीत. "पोरी, सणाचा दिवस आहे. राहू दे आता. तुझं नाव घालू म्हटलं तरी जागा कुठाय? सगळीकडं काळोखच."

"एक आहे," रास्मिनी म्हणाली.

तिने वायानच्या हातातला टाक काढून घेतला आणि ती चित्राच्या मध्यावर, त्या उजेडापुढे उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची तिने काही धडपड केली नाही.

"ए! न्योमान! तिथं नको!" वायान खरोखरच घाबरला. त्या जागेचे मोल त्या मंडपात आणखी कुणाला कळत असेल तर त्यालाच.

टाक टेकला. नेच्यांच्या वर, भर उन्हात, काळी अक्षरे एकेक करून उमटली: नी न्योमान रास्मिनी.

"अगं काय केलंस हे!" वायान कळवळून ओरडला. "पावसाळाभर जिवापाड राखलास तो उजेड, आणि आपल्याच हातानं नासवलास!"

रास्मिनीने डोळे पुसले आणि ती लोकांकडे वळली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? उजेड कुणी राखला म्हणतोय हा?"