चौकशीकाकींची हाक

चौकशीकाकींनी कधी कुणाच्या दारावर थाप मारली नाही. अंगणात स्कूटर लावायच्या, हेल्मेट आरशावर अडकवायच्या आणि त्या घरातल्या माणसाने क्रेडिट कार्डाच्या अर्जात जो हुद्दा लिहिला असेल, त्या हुद्द्याने मोठ्याने हाक मारायच्या. "मॅनेजरबाब घरात आसा?" आतून कुणीतरी म्हणायचं, "खंयचो मॅनेजर? तो काजू पुंजावंक गेला." काजू गोळा करायला गेलेल्या मॅनेजरची झाली चौकशी.

म्हापशाच्या एका एजन्सीत आम्ही दोघी कामाला होतो. बँकांकडून अर्ज यायचे. अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहतो का, लिहिलेली नोकरी खरंच करतो का, हे काकी पेडणे आणि डिचोली तालुक्यांत फिरून पाहायच्या. त्यांची टिपणं मी इंग्रजीत टाइप करायचे. माझी ती पहिलीच नोकरी. शाळा इंग्रजी, त्यामुळे लिहायला अडचण नव्हती. पण परक्या माणसासमोर माझा आवाज कुठल्याच भाषेत फुटत नसे. संगणकामागे मी सुखी होते. "तूं बरय, बोवाळ हांव घालतां," असं काकी म्हणायच्या, आणि लिहिणं माझं, आरडाओरडा त्यांचा, अशी आमची वाटणी ठरून गेली होती.

"आसा तें आसा, ना तें ना," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते बँकेच्या साहेबालाही ऐकवायच्या आणि पोदेराकडचा पाव शिळा निघाला तर त्यालाही.

सुरुवातीला मला त्यांची ती हाक जरा क्रूर वाटायची. मग एकदा काकींनी मला डिचोलीला सोबत नेलं. एका आजोबांनी अर्जात 'वाहतूक व्यवसाय' लिहिलं होतं. खाणी बंद पडल्यापासून त्यांचा ट्रक फणसाखाली उभा होता, चाकांवर वेल चढली होती. "चालू करून दाखयात," काकी म्हणाल्या. आजोबांनी चावी फिरवली. इंजिन गप्प राहिलं, पण सीटवरून एक कोंबडी तणतणत बाहेर पडली.

"ट्रक म्हजोच न्हय? मग खोटें कितें बरयलां?" आजोबा भडकले.

"ट्रक तुमचोच. उबो आसा म्हूण बरयतां."

एवढं बोलून काकी निघाल्या नाहीत. सोप्यावर बसून त्यांनी आजोबांकडून सगळं काढून घेतलं. पंचायतीतल्या जुन्या नोकरीचं पेन्शन होतं. मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या. ते दोन्ही अर्जात नव्हतंच. पेन्शनवर जगतो असं लिहायचं म्हणजे म्हातारा झालो म्हणायचं, असं आजोबा पुटपुटले. काकींनी त्यांना तो अर्ज मागे घेऊन खऱ्या कमाईचा नवा भरायला सांगितलं. परत येताना स्कूटरवर मागे वळून म्हणाल्या, "लोक लोभान थोडें आनी लजेन चड खोटें बरयतात, बाय." लोभापेक्षा लाजेपोटी जास्त, हे मला पटलं. घरी माझ्या नोकरीबद्दल विचारणाऱ्यांना मी 'बँकेत आहे' असं सांगत असे.

मग ते एकवीस अर्ज आले. एका कारखान्यातल्या कामगारांचे, सगळे एकाच अक्षरात भरलेले, सगळ्यांत 'कायम नोकरी' आणि पगार दुप्पट. कार्ड विकणाऱ्या माणसाने स्वतःच बसून भरले होते. पाळी सुटायच्या वेळी काकी गेटवर उभ्या राहिल्या आणि हाक दिली, "कायम कामगार आसात रे हांगा?" बेळगाव-कोल्हापूरकडची पोरं हसायला लागली. त्यांच्यातला एक म्हणाला, "कायम कुठलं ओ बाई? आमचा गेटपासच सा म्हैन्याचा हाय. त्यानं म्हटलं सही करा, केली."

काकींनी एकवीस वेळा 'कंत्राटी' लिहून आणलं. एजन्सीचा मालक त्यांच्यापेक्षा वयाने लहान होता. आधी गोड बोलला. "काकी, असे अर्ज सगळीकडेच असतात. बँकेलाही माहीत असतं. 'कायम' लिहा, सही करा, विषय संपला."

"बँकेक खबर आसा जाल्यार बँकेनच सय करूं."

"तुमचं त्यात काय जातं?"

"म्हजें नांव वता. फाल्यां त्या पोरांक हप्ते झेपले नात की फोन तांच्या घरा वतलो. तेन्ना तो फोन तूं घेवपाचो, बाब?"

मालकाने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काकींनी ऑफिसातच हेल्मेट डोक्यावर चढवलं, टिपणांची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या. मला एका शब्दाने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मालक म्हणाला, "सगळ्यांना पर्मनंट टाक." मी होकारार्थी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच जमतं. मग एकवीस अहवालांत, एकेक उघडून, 'कंत्राटी' टाइप केलं आणि बँकेला पाठवून दिलं. मालकाला कळलं तेव्हा अहवाल परत बोलावता येण्यासारखे नव्हते. त्याने मला काढलं नाही. मला काय झोंबेल हे त्याला बरोबर ठाऊक होतं. "चौकशीची एवढी हौस आहे ना, मग काकींची जागा घे."

दोन महिने मी पेडण्या-डिचोलीत फिरले. दारावर बोटाने टकटक करायची, आतल्यांना ऐकू जायचं नाही, मी अंगणात उभी.

आणि एक दिवस काकींचाच अर्ज माझ्या हातात आला. कार्ड त्यांना मिळालं नाही, हे आधीच सांगते. अहवालात मी अर्जदार माझ्या ओळखीच्या आहेत हेही लिहिलं होतं. बँकेने उत्पन्न कमी म्हणून नाही म्हटलं. काकी पुढे भेटल्या तेव्हा ताठ मानेने म्हणाल्या, "ना म्हणले जाल्यार ना. पूण खरें वाचून ना म्हणले." हजारो लोकांचे अर्ज तपासले, एक तरी आपला भरून पाहावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांच्या अंगणात स्कूटर लावली तेव्हा आबोलीच्या वाफ्यांना नुकतंच पाणी घातलेलं होतं. मी अर्ज पुन्हा पाहिला. नोकरी: नाही. काम: आबोलीच्या फाती (गजरे) करून धारगळला हमरस्त्यावर विकणे. उत्पन्न: चतुर्थीला बरे, इतर महिन्यांत थोडे, सरासरी सात हजार. कुठेही खाडाखोड नव्हती.

दारापर्यंत गेले, थाप मारायला हात उचलला आणि खाली घेतला. परत अंगणात आले. हेल्मेट काढून आरशावर अडकवलं. पहिल्या वेळी आवाज घशातच राहिला. शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. मी पुन्हा, होता नव्हता तेवढा आवाज काढून, हाक मारली.

"फातीवाली बाय घरात आसा?"

"आसा," आतून उत्तर आलं.