दादाच्या घशात अडकलेला खोटा दात

मंडळी, आज सकाळी वहिनीला घेऊन सांगलीत दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तिचा पुढचा दात पडलाय. डॉक्टर म्हणाले, "सध्या काढघालीचा तात्पुरता दात देतो. जेवताना मात्र काढून ठेवायचा."

ते ऐकलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझा थोरला भाऊ फौजेतून सुट्टीवर आला आणि उंब्रजला कबड्डी खेळताना त्याचा पुढचा दात पडला. मुलगी बघायला जायचं ठरलेलं, म्हणून त्यानं कराडहून असाच तात्पुरता दात बसवून आणला. आष्ट्याला मुलीच्या घरी समोर लाडू आले. चारचौघांत दात काढायची दादाला लाज वाटली.

पहिल्याच घासाला दात निसटून घशात अडकला. दादाला श्वास घेता येईना, चेहरा काळानिळा पडला. आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. ती मुलगीच धावली. त्याला पुढं वाकवून तिनं पाठीत जोरजोरात रट्टे घातले आणि दात खणकन ताटात पडला!

तिचे वडील ओरडले, "आवं पावनं, दात खोटा हाय व्हय?"

"आबा, माणूस वाचला न्हवं? दाताचं काय घिऊन बसलाय!" मुलगी म्हणाली.

तीच आमची वहिनी. आज तिनं डॉक्टरांना बजावलं, "काढघालीचा नगं. शेजारच्या दातांना चिकटवलेलाच द्या."

तुमच्या घरात कुणी असा दात लावतं का? जेवताना तो काढतात का, विचारलंय कधी?