चाळीस घरांचा गहू

आम्ही कोकणातली माणसं, लालबागमध्ये तीन पिढ्या भातावर वाढलेली. पोळीचं कौतुक डब्यापुरतं. वाण्याकडून पाच किलो गहू आणायचे, गिरणीतून दळून घ्यायचे, संपले की पुन्हा पाच किलो. गव्हातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी गव्हाच्या एका व्यवहारात मी तोंड घातलं.

लेक निफाडकडे दिली आहे. तिनंच जमवलं लग्न, आणि माणसं खरंच चांगली मिळाली. व्याही शेतकरी. दोन वर्षांपूर्वी पाडव्याला आम्ही नवराबायको तिच्याकडे गेलो तेव्हा गव्हाची काढणी नुकतीच झाली होती आणि पडवीत कट्टे रचून ठेवले होते, पन्नास-पन्नास किलोचे. व्याही एरवी मोजकं बोलणारे. पण गव्हाच्या भावाचा विषय निघाला आणि त्यांचा आवाज चढला. एका वर्षी काढल्या काढल्या विकला, तर महिन्याभरात भाव वर गेला. पुढच्या वर्षी शहाणपणा करून ठेवून दिला, तर सरकारनं साठ्यावर बंधन आणलं, व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि पाऊस तोंडावर आल्यावर मिळेल त्या भावाला घालवावा लागला. पेरायचं आपण, राखायचं आपण, आणि भाव ठरवणारा कुठे बसतो तेच ठाऊक नाही, असं ते म्हणत होते. त्यांना सगळ्यात जास्त लागायची ती घरातल्यांची नजर. कधीही विका, चुकलेलंच असतं.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली माझी लेक म्हणाली, “बाबा, माझी आई देईल मुंबईत विकून. बिल्डिंगमध्ये सगळे ऐकतात तिचं.” सासऱ्यांना ती बाबाच म्हणते. तिची सासू आणि मोठी जाऊ, दोघींनी तिच्याकडे पाहिलं. नवी सून पहिल्यांदाच घरच्या व्यवहारात बोलली होती. ती माघार घेणार नाही हे मला दिसलं, आणि खरं सांगायचं तर मी फुगले. म्हटलं, अहो, त्यात काय, आमची बिल्डिंग म्हणजे केवढी.

मुंबईला आल्यावर बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, शेतातला गहू थेट दारात. पटापट अंगठे आले. आम्हाला पण, आम्हाला पण. चाळीस घरं झाली. मी लगेच व्याह्यांना फोन केला, चाळीस घरं तयार आहेत. भाव त्यांनी सांगितला तो मी मान्य केला. घरटी किती, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांच्याकडे घर गहू घेतं म्हणजे वर्षाचा भरतं, त्यात विचारायचं काय? लेकीच्याही लक्षात आलं नाही. ती पुरती तिकडची झाली आहे. त्याच आठवड्यात गावात व्यापारी आला होता, आणि कधी नव्हे तो बरा भाव देत होता. व्याह्यांनी त्याला परत पाठवलं. माल मुंबईला द्यायचा ठरला आहे, म्हणाले. हे मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी गेटात पिकअप लागली. चाळीस कट्टे. व्याही पांढरीशुभ्र टोपी घालून आले होते, बाजूला थोरला मुलगा. मी वरून हाका मारल्या आणि बायका खाली आल्या. कुणाच्या हातात स्टीलचा डबा, कुणाच्या हातात भाजीची पिशवी. एक म्हणाली, पाच किलो द्या. दुसरी म्हणाली, आधी दोनच द्या, पोळी कशी होते बघू.

व्याह्यांनी एकदा डब्यांकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. माझ्या आधी त्यांना कळलं. मुलानं तोंड उघडलं तर त्याला हातानंच गप्प केलं. त्यांनी वजनकाटासुद्धा आणला नव्हता, कट्टे घरूनच मोजून शिवलेले. शेवटी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा काटा आणला. ज्या काट्यावर आम्ही जुने पेपर विकतो, त्याच्यावर त्या माणसानं खाली बसून, कट्ट्याची शिवण उसवून, दोन-दोन किलो गहू मोजला.

माझं डोकं फिरलं. मी शेजारणीवर खेकसले, “अगो, वर्षाचा घे की! डबे कसले आणतेस?”

ती बिचारी म्हणाली, “ठेवू कुठे? बेडखाली गणपतीचं मखर आहे.”

खोटं काय होतं त्यात? माझ्याही बेडखाली मखरच आहे. मी स्वतः किती घेणार होते, हा विचार तोवर माझ्याही मनात आला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारपर्यंत पाच-सहा कट्टे संपले असतील. उरलेला माल परत न्यायचा तर गाडीभाडं अंगावर. मी त्यांना जवळच्या धान्यवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं मूठभर गहू तळहातावर घेतला, चार दाणे दाताखाली चावले आणि भाव सांगितला. थोरला मुलगा पुटपुटला, की गावात व्यापारी याच्यापेक्षा जास्त देत होता. तेव्हा मला व्यापाऱ्याचं कळलं. मी दुकानदारावर तोंड सोडलं. लुटता काय, काही लाजबीज आहे की नाही, वाट्टेल ते बोलले. खरा राग कुणावर होता ते मला ठाऊक होतं. व्याह्यांनीच मला थांबवलं, त्याच भावानं माल उतरवून दिला आणि वर आमच्याकडे चहाला आले.

मुलगा गाडीपाशी थांबला होता. मी कपाटातून पैसे आणून त्यांच्यापुढे ठेवले, म्हटलं, जेवढा फरक पडला तेवढा माझ्याकडून घ्या. त्यांनी हात जोडले. मग चहा संपवून कप खाली ठेवला. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलावंच असं मला वाटत होतं.

“विहीणबाई, घरी मी सांगणार आहे की मुंबईत भाव पडला,” ते म्हणाले. “थोरल्यालाही बजावतो. भाव पडला म्हटलं की आमच्याकडे पुढे कोणी काही विचारत नाही. नाहीतर पोरीला घरात दोन शब्द ऐकावे लागतील. तुम्हीही तिला तेच सांगा.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

रात्री लेकीचा फोन आला. तापली होती नुसती. आई, दरवर्षी हेच बघ, बाबांनी एवढ्या लांब माल आणला आणि नेमका त्याच दिवशी भाव पाडला मेल्यांनी, त्यांचं नशीबच फुटकं, सासूबाईपण तेच म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तू वाईट वाटून घेऊ नकोस गं. तू तरी काय करणार होतीस?”

“हो ना,” मी म्हटलं, “भावच पडला.”