वहीवरची माझी सही

वर्ध्याच्या ज्या नर्सिंग कॉलेजात मी शिकवते, तिथे प्रवेशाच्या दिवसांत मुलींपेक्षा त्यांचे बापच जास्त बोलतात. एका वर्षी कारंज्याकडून एक मुलगी आली, तिचं मात्र उलटं होतं. बाप दाराशी उभा राहिला आणि ती माझ्यासमोर बसून म्हणाली, आईच्या आजारपणात सगळं मीच केलं, मला हे जमतं. घरी गोंडी बोलत, शाळा मराठी. शिकवणं इंग्रजीत असतं, झेपेल का, असं मी विचारलं. शिकून घेईन, म्हणाली. जागा रिकाम्या होत्या, त्यामुळे मीही फार खोलात गेले नाही.

दर वर्षी पहिल्या वर्षाच्या काही मुली सुट्टीवर जातात आणि परत येत नाहीत. कुणाचं लग्न ठरतं, कुणाला हॉस्टेल सोसत नाही. आम्ही त्याला गळती म्हणतो. या मुलीबद्दल तशी शंका कधी आली नाही. पुस्तकाशी ती झगडत होती, पण वॉर्डात तिचा हात हलका होता.

तिथेच एक म्हातारी दाखल होती. तिचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, आणि तिला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. ती फक्त या मुलीशी बोलायची. त्या दिवशी सकाळी तिची लघवीची नळी काढली होती. दुपारी मुलींनी आपापल्या पेशंटचा रिपोर्ट वहीत लिहून माझ्यापुढे ठेवला. हिचा मराठीत होता. मी वाचलासुद्धा नाही. लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "इंग्रजीत लिहून आण. हे काही गावचं पत्र नाही."

दोन-तीन मुली हसल्या. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेव्हा मी आधी लिहून आण, मग बोल, असं बजावलं. थोड्या वेळाने तिने मैत्रिणीच्या वहीतलं वाक्य उतरवून आणलं. इंग्रजीत लिहिलं होतं, पेशंटला आराम आहे. मी सही केली आणि मुलींना घेऊन निघाले.

संध्याकाळी म्हातारी कळवळायला लागली. वॉर्डच्या सिस्टरने पाहिलं तर ओटीपोट दगडासारखं टणक. लगेच पुन्हा नळी घातली, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरने ती वही मागवली. तेव्हा मी रेघेखालची ओळ पहिल्यांदा वाचली. नळी काढल्यापासून लघवी झाली नाही, पोट फुगलं आहे, आजी सांगायला लाजते. सगळं होतं. सिस्टरने रेघ मारलेल्या त्या पानाकडे पाहिलंच नाही, आरामाच्या वाक्यावर बोट ठेवून हे काय, म्हणून विचारलं. मुलगी माझ्या शेजारी उभी होती.

"नवीन आहेत मुली," मी म्हणाले. "नीट रिपोर्ट केलं नाही तिने."

तिने मान खाली घालून सिस्टरची बोलणी ऐकून घेतली. नंतर तिला बोलावून खरं सांगावं, असं मला रोज वाटायचं. होळीच्या सुट्टीआधी सांगू, मग सुट्टीनंतर सांगू, असं करत राहिले. सुट्टी संपली, बाकीच्या मुली आल्या, ती आली नाही. कॉलेज सोडल्याचं कारण ऑफिसने विचारलं, तेव्हा मी कौटुंबिक अडचण लिहून दिलं.

महिनाभराने एका रविवारी मी एसटीने कारंज्याला गेले. पत्ता विचारत गेले तेव्हा ती एका बगिच्यात संत्री निवडत होती. मोठी एकीकडे, डागी एकीकडे. मला पाहून उठली, हात पुसले, पाणी आणून दिलं. चूक माझी होती, तुझी नव्हती, असं मी सांगितलं. बोलताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

"मले मालूम होतं, मॅडम," ती म्हणाली. "तुमालेबी मालूम होतं. म्हणून तं मी परत नाई आली."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी ये, मी स्वतः शिकवीन तुला इंग्रजी. तिने एक डागी संत्रं उचलून बाजूला ठेवलं. मग विचारलं, "त्या आजीले बरं वाटलं का?"

मला माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर मी त्या खाटेकडे गेलेच नव्हते. बरं वाटलं असेल, असं पुटपुटले. तिने मान हलवली आणि बसची वेळ झाली म्हणून मला हायवेपर्यंत सोडायला आली.

पुढच्या प्रवेशाच्या वेळी मी फोन केला. बापाने उचलला. पोरीनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम धरलंय, तिकडंच बरी आहे, म्हणाले. तिच्याशी बोलायचं का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले.

त्या वर्षीही काही जागा रिकाम्या होत्या. आता मी मुलींना आधी तोंडी सांगायला लावते, ज्या भाषेत येईल त्या भाषेत, आणि वही नंतर बघते. हे करायला फार काही लागत नाही. तेव्हाही लागलं नसतं.