पुलाच्या अलीकडे बंद पडणारी गाडी

बाबा गेले त्या वर्षी आमची पिकअप मुसी नदीच्या पुलाच्या अलीकडे बंद पडायला लागली. पेंडीची पोती घेऊन जाताना बरं वाटेना म्हणून बाबांनी जिथे गाडी शेवटची बाजूला घेतली होती, बरोबर तिथेच, रस्त्याकडेच्या भिंतीपाशी. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी सहानुभूतीने मान हलवतो आणि मग हळूच विषय बदलतो. त्यांचं काही चुकत नाही, मीही तेच केलं असतं.

नल्लकुंट्यात आमचं घर आणि घराखालीच गोदाम. बाबा सरकी पेंड विकत. शहरात म्हशी कुठे आहेत असं विचारणाऱ्यांनी पुलापलीकडे एकदा पहाटे फिरून यावं. तिथल्या तबेल्यांना रोज सकाळी माल पोचवायचा, हे बाबांनी जन्मभर केलं. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्यांना आवडणार नाहीत अशा शब्दांत कळवायच्या, हा माझा धंदा. बाबांच्या मागे तबेलेवाल्यांचे फोन थांबेनात, तेव्हा धंदा विकायचा की चालवायचा हे ठरेपर्यंत सकाळची फेरी मी करते म्हटलं. गाडी चालवायला बाबांनीच शिकवलं होतं, ओरडून ओरडून.

ते गेले तेव्हा गाडीत एकटेच होते. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, किल्ली हातात. कुणीतरी काचेवर टकटक केली तेव्हा सगळं संपलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लगेच नसेल झालं. थोडा वेळ गेला असेल." त्यांनी ते सहज म्हटलं, पण आईने ते 'थोडा वेळ' उचलून घरी आणलं. त्या थोड्या वेळात ते काय करत होते, कुणाला हाक मारली का, पाणी हवं होतं का, हे तिने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बसून राहायची. ताट पुढे ठेवलं की दोन घास चिवडायची आणि उठायची. बोलणं तर जवळजवळ बंदच झालं होतं.

दसरा असाच कोरडा गेला, कारण वर्षभर आम्हाला सण नव्हता. त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी उतारावरून पुलाकडे जाताना गाडीची ओढ गेली. पाय दाबतेय, दाबतेय, पण इंजिन पेंगल्यासारखं. दोन गचके दिले आणि बंद. मी कशीबशी डावीकडे घेतली, चरफडत खाली उतरले आणि मग ती भिंत बघितली. गाडीतला आरसा तेव्हाही बाबांच्या उंचीला लावलेला होता, मी तो हलवला नव्हता. थोड्या वेळाने किल्ली फिरवली तर गाडी लगेच चालू झाली आणि निमूट पलीकडे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच जागी.

घरी येऊन मी आईला सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. तिने नुसतं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामातून वर पाहते तर ही धुतलेलं लुगडं नेसून, हातात पाण्याची बाटली घेऊन जिना उतरतेय.

"मी येते," म्हणाली.

"कुठे? तबेल्यात काय करणार तू?"

"तू तुझं काम कर ना, लेकरा."

गाडी भिंतीपाशी बंद पडली. मी कपाळाला हात लावला. आई मात्र सरळ बसली आणि समोरच्या काचेकडे बघून अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "थांबलेत बघ."

मग ती बाबांशी बोलायला लागली. वरच्या टाकीचा नळ गळायलाय. विद्यानगरच्या मावशीचा गुडघा दुखायलाय. पोरगी गाडी बरी चालवायली, पण गिअर लवकर बदलते. इतक्या दिवसांत तिने घरात जेवढे शब्द काढले नव्हते तेवढे त्या दहा-बारा वाक्यांत निघाले. मागून हॉर्न वाजत होते. मी किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. "चला, येते उद्या," असं म्हणून तिने पदर सावरला. त्या दिवशी घरी येऊन ती पोटभर जेवली.

मग रोजचाच परिपाठ झाला. मला भीती वाटायची. स्वतःच्या बापाची भीती वाटावी याची लाजही वाटायची. ओढ गेली की माझी मान आपोआप ताठ व्हायची, शेजारच्या सीटकडे बघवायचं नाही, कारण आई तिकडे सरकून बसायची आणि आमच्या दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा सोडायची. मी एकदा तिथे पिशवी ठेवली तर तिने न बोलता ती उचलून मांडीवर घेतली.

अंबरपेठेतला मिस्त्री बाबांचा जुना दोस्त. त्याने गाडी बघितली आणि आधी बाबांसाठी डोळे पुसले. मग डिझेलचा फिल्टर बदलला, त्याच्या तळाचं पाणी सोडलं. "अब देखो, घोडे के वैसा भागती," म्हणाला. घोडा पुलाच्या अलीकडे बसला. मग त्याचं म्हणणं पडलं की नळीत हवा शिरतेय. त्याने सगळे जोड उघडले, तांब्याचे वायसर नवे घातले, फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढली. दोन दिवस बरे गेले, कारण माल कमी होता. तिसऱ्या दिवशी आई पुन्हा म्हणाली, "थांबलेत."

शेवटी मिस्त्री पंपाकडे बोट दाखवायला लागला, पण त्याचं त्यालाच पटत नव्हतं. चहा पिता पिता म्हणाला, "बेटी, मेरे कू तो बंडी में कुछ नै दिखरा. जो दिखताच नै, उसका इलाज मैं कैसा करूँ?" मग आवाज खाली घेऊन पुढे म्हणाला, "एक बार दरगाह पे ले जाके फातिहा पढा लो. भाईसाब का दिल बंडी में अटकेला था." मी त्याच्यावर चिडले. चिडण्याचं खरं कारण हे की रोज सकाळी माझ्याही मनात तेच यायचं.

मी माझ्या धंद्याच्या रीतीने विचार केला. एवढी मोठी साखळी आहे, टाकी, नळी, फिल्टर, पंप, इंजिन. चूक कुठे आहे कळत नसेल तर साखळी मधे तोडायची आणि अर्धा भाग बाजूला ठेवायचा. एका दुपारी आई झोपलेली असताना मी मिस्त्रीकडून डब्यात स्वच्छ डिझेल घेतलं, डबा गाडीत सीटमागे बांधला आणि त्यातून पारदर्शक नळी थेट फिल्टरला जोडून घेतली. म्हणजे टाकीचा संबंधच संपला. पोती तेवढीच, रस्ता तोच. उतार आला, भिंत आली. नळीतून डिझेल एकसारखं वाहत होतं, एक बुडबुडा नाही. गाडी जराही न कचरता पुलावर चढली.

म्हणजे दोष टाकीत होता. भूतबीत काही नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी पुलाच्या पलीकडे जाऊन मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले, कारण घरी आता आई जेवत होती, बोलत होती, आणि टाकी उघडली की हे सगळं माझ्या हातानं बंद होणार होतं.

मी नळी पुन्हा टाकीला जोडली आणि आईला काही सांगितलं नाही. आठवडाभर गाडी बंद पडत राहिली आणि आई बोलत राहिली. एकदा तिला विचारलं, "आई, तुला खरंच वाटतं ते थांबवतात म्हणून?"

"मग काय? एकटेच होते ना गं ते तेव्हा," ती म्हणाली. "आता कुणीतरी बसावं वाटत असंल जवळ."

मी किल्ली फिरवली.

मग एका सकाळी गाडी नेहमीपेक्षा थोडी आधी मेली, बाजूला घ्यायलाही उसंत मिळाली नाही. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिलो. आईने "अहो," म्हणून सुरुवात केली तेवढ्यात मागे पाण्याच्या टँकरचे ब्रेक किंचाळले. आरशात नुसतं त्याचं तोंड दिसत होतं. टँकर आमच्या मागच्या फाळक्याला चाटून थांबला. ड्रायव्हर तेलुगूत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि आई शांतपणे म्हणाली, "त्यांनी वाचवलं." मला ते सहन झालं नाही. मी तिच्यावर ओरडले, "त्यांनीच मारलं असतं आज!" मी त्याच दुपारी गाडी मिस्त्रीकडे नेली आणि टाकी उतरवायला सांगितलं.

टाकीतलं डिझेल उपसल्यावर तळाशी काळा गाळ होता. मिस्त्रीने हात घालून तो काढला आणि थाळीत पसरला. काळपट चोथा, देठाचे तुकडे, जाळीदार शिरा. आणि त्यात एक अख्खं पान, दोन पाळ्यांचं, चामड्यासारखं चिवट झालेलं. आपट्याचं पान.

"ये पत्ता अंदर कैसा गया?" मिस्त्री म्हणाला.

मला माहीत होतं. इथे दसऱ्याला सगळे जम्मीची, म्हणजे शमीची पानं देतात, पण बाबांना ते मान्य नव्हतं. जम्मी इथल्यांची, आपलं सोनं आपट्याचं, असं म्हणत ते बीदरकडून येणाऱ्या बसने पानं मागवायचे. आणि पूजा झाली की पहिलं पान गाडीला. हार-नारळ सगळेच वाहतात, यांचं सोनं मात्र टाकीत. झाकण उघडून आत सोडायचे आणि म्हणायचे, "खाऊ दे तिला, वर्षभर आपल्याला खायला घालते." आई दरवर्षी चिडवायची की बायकोचा नंबर गाडीनंतर लागतो. टाकीच्या तोंडावरची जाळी कधीच तुटून गेली होती, त्यामुळे ती सगळी पानं आतच गेली. जुनी कुजून त्यांचा गाळ झाला होता. हे एक मात्र नवं होतं.

मिस्त्रीने मला नीट दाखवलं. टाकीत डिझेल ओढून घेणारी नळी असते. इंजिन ओढायला लागलं, उतारावर डिझेल पुढे सरकलं की पान वाहत येऊन तिच्या तोंडाला चिकटायचं. इंजिन उपाशी मरायचं. ओढ थांबली की पान सुटून खाली पडायचं आणि गाडी पुन्हा चालू. तेवढाच भार, तेवढाच रस्ता, म्हणून तीच जागा. इतकं सोपं होतं सगळं. त्या नळीच्या तोंडावर मिस्त्रीने पान ठेवून दाखवलं तेव्हा ते अगदी बेतून कापल्यासारखं बसलं.

घरी येऊन मी आईला विचारलं, "यंदा आपल्याला सण नव्हता ना?"

"नव्हताच."

"मग टाकीत पान कुणी टाकलं?"

तिने पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "सण आपल्याला नव्हता," म्हणाली. "पानं बसनं आलीच होती, आणि गाडीला कसलं सुतक? तिला दरवर्षी मिळतं ते मिळू नये होय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. नळी, उतार, पान. जेवढं सोपं करून सांगता येईल तेवढं. शेवटी म्हणाली, "म्हणजे मीच." एवढंच. आणि भाजी फोडणीला टाकायला उठली. मला वाटलं, झालं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन बसवलेली, तोंडाला नवी जाळी. मी किल्ली लावली तर आई जिना उतरून आलीच, तेच लुगडं, तीच बाटली. ती तिकडे सरकून बसली, मधे जागा सोडून. अंबरपेठ मागे पडलं. उतार लागला. तिने केस सारखे केले, घसा साफ केला. इंजिन इतकं सुरेख ओढत होतं की मला त्याचा राग आला. भिंत आली.

"अहो," आई म्हणाली, "काल ना..."

भिंत गेली. गाडी पुलाला लागली. आईचं वाक्य तसंच राहिलं. तिने मान वळवून मागे पाहिलं, पण मागच्या काचेतून फक्त पोती दिसत होती. मग ती रडायला लागली. बाबांना उचलून नेलं तेव्हा ती रडली नव्हती, दहाव्याला नाही, कधीच नाही. आता तोंडाला पदर लावून हुंदके देत होती आणि मला एका हाताने स्टिअरिंग धरून तिच्या पाठीवरून हातही फिरवता येत नव्हता, कारण मागे बस होती, बाजूला रिक्षा, सगळीकडे हॉर्न.

"थांबव ना गं जरा," ती म्हणाली.

"आई, इथं थांबता येत नाही."

"ते थांबले होते की," आई म्हणाली.